न विचारता सांगणारे सोबती

कॅरमच्या बोर्डाभोवती खेळणारे चारच असतात. सांगणारे आठ-दहा असतात. 'राणी सोडू नकोस', 'आधी ती काळी काढ', 'अरे, इतक्या जोरात नको' असा मारा चारी बाजूंनी चालू असतो. बुद्धिबळाच्या पटाशी तर बोलण्याची बंदी असते. तरीही 'घोडा, घोडा' असे पुटपुटणारा एखादा गृहस्थ तिथेही असतोच. या मंडळींना खेळात जागा नसते, हरण्याची भीती नसते, फक्त मत असते. आणि ते मत बहुधा बरोबर असते, हीच खरी पंचाईत आहे. खेळणारा शेवटी वैतागून म्हणतो, "मग तूच खेळ की!" सांगणारा दुखावतो. आपण तर मदतच करत होतो, असे त्याला मनापासून वाटत असते.

माणसाची ही सवय आता यंत्रानेही उचलली आहे. घराघरांतली मुले, आणि आता बऱ्याच घरांतले आईवडीलही, जे व्हिडिओ गेम खेळतात, त्यांत नायकाच्या बरोबरीने चालणारा, सतत बोलणारा आणि न विचारता सल्ला देणारा एक सोबती असतो. या सोबत्याने किती बोलावे यावर गेली पंचवीस वर्षे जगभरचे खेळाडू हिरिरीने भांडत आले आहेत. वरवर पाहता हा पोरखेळातला वाद. पण जरा जवळ जाऊन पाहिले तर तो आपल्या घरातला, शाळेतला आणि कचेरीतलाही वाद आहे. दुसऱ्याला मदत केव्हा करावी आणि केव्हा गप्प बसावे, हा तो प्रश्न आहे.

ज्यांनी व्हिडिओ गेम फक्त दुरून, नातवंडांच्या खांद्यावरून पाहिला आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे धडाधड गोळ्या आणि भरधाव मोटारी येतात. तसे खेळ आहेतच. पण आजचे मोठे खेळ बरेचसे कादंबरीसारखे असतात. त्यांत एक नायक किंवा नायिका असते, लांबचा प्रवास असतो, ओसाड मंदिरे, गुहा, बंद दरवाजे असतात. दरवाजा उघडण्यासाठी कुठली तरी कळ शोधावी लागते, एखादा दगड सरकवावा लागतो, पाण्याची पातळी वरखाली करावी लागते. खेळणारा अडतो, इकडेतिकडे फिरतो, चुकतो, पुन्हा पाहतो आणि मग एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. त्या खेळाची खरी गोडी त्या एका क्षणात असते. आणि नेमक्या त्याच क्षणाच्या आधी शेजारचा सोबती म्हणतो, "तो वरचा साखळदंड तोडला तर?"

या सोबत्यांच्या घराण्यात सर्वांत गाजलेली बाई म्हणजे नावी नावाची एक इवलीशी परी. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम' हा खेळ १९९८ साली आला, त्यात ती अवतरली. तिचा जन्म मोठा गमतीचा आहे. तोवर झेल्डाचे खेळ सपाट चित्राचे होते. हा पहिलाच खोली असलेल्या, त्रिमित जगातला. अशा जगात शत्रू बाजूला सरकला की खेळाडूची नजर चुकते, तलवार हवेत फिरते. ही अडचण सोडवण्याच्या विचारात असलेली निर्माते मंडळी क्योतोमधल्या तोएई या चित्रपट कंपनीच्या उद्यानात गेली होती. तिथल्या तलवारबाजीच्या प्रयोगात एकावेळी एकच जण नायकावर चालून येतो, बाकीचे थांबतात, हे त्यांनी पाहिले आणि एका शत्रूवर नजर खिळवून ठेवण्याची युक्ती त्यांना सुचली. नजर कुणावर खिळली आहे हे दाखवायला पडद्यावर काही तरी खूण हवी होती. नुसती कोरडी खूण दाखवण्याऐवजी योशिआकी कोइझुमी यांनी तिथे एक परी उडती ठेवली. वाट दाखवणे या अर्थाच्या 'नॅव्हिगेशन' शब्दावरून तिचे नाव पडले नावी.

म्हणजे ती आधी बाण होती, मग परी झाली, आणि परी झाल्यावर बोलू लागली. मात्र बोलू लागल्यावर तिला थांबणे जमेना. 'ए, ऐक ना' अशा अर्थाची तिची किणकिणती हाक त्या पिढीच्या खेळाडूंच्या कानात अजून बसली आहे. चेष्टेचा विषय झालेल्या सोबत्यांच्या यादीत तिचे नाव आजही वर असते. गंमत अशी की याच परीवर लोकांनी जीवही लावला. कथेतला मुलगा ज्या वनात वाढतो तिथे प्रत्येक मुलापाशी एक परी असते, त्याच्यापाशी मात्र नसते. नावी येते तेव्हा त्याला प्रथमच स्वतःचे असे कोणी मिळते. आणि खेळाच्या शेवटी ती काही न बोलता उडून जाते. पुढचा, २००० सालचा खेळ सुरू होतो तो हा मुलगा दुरावलेल्या एका जिवलगाच्या शोधात निघालेला असताना. नाव सांगितलेले नाही. पण ते जिवलग कोण, हे खेळणाऱ्यांना सांगावे लागले नाही. जिच्या बडबडीला कंटाळलो तीच नसली की घर सुने वाटते, हा अनुभव आपल्याकडे ज्यांच्या घरी एखादी आत्या किंवा मावशी राहून गेली आहे त्यांना नवा नाही.

निन्टेन्डोने मात्र त्यातून भलताच धडा घेतला. २०११च्या 'स्कायवर्ड सोर्ड'मध्ये नायकाच्या तलवारीत राहणारी फाय नावाची एक आत्मारूपी सोबतीण आली. समोर जे दिसते आहे, दोन मिनिटांपूर्वी कोणी जे सांगून गेले आहे, ते ती पुन्हा सांगायची. यश मिळण्याची शक्यता टक्केवारीत मांडायची. हातातल्या यंत्राच्या बॅटऱ्या उतरत आल्या तर तेही खेळ थांबवून कळवायची. लोक कंटाळले. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, तोच खेळ नव्या रूपात विकायला काढला तेव्हा फायची बरीचशी मदत ऐच्छिक केली गेली. हवी असेल तर हाक मारा, नाही तर ती गप्प. त्याआधीच, २०१७ साली, त्याच मालिकेतल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये खेळाडूला सोबत्यावाचून मोकळ्या रानात सोडून दिले होते. सुरुवातीला एक म्हातारा थोडी वाट दाखवतो, पुढे तुम्ही आणि तुमची नजर. हा खेळ लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतला.

आता दुसरे उदाहरण अमेरिकेतले. 'गॉड ऑफ वॉर' या मालिकेतल्या २०१८च्या खेळात क्रेटोस नावाचा अबोल, रागीट बाप आपल्या मुलाला, अट्रेयसला, घेऊन उत्तर युरोपातल्या पुराणकथांच्या प्रदेशातून प्रवास करतो. वाटेत त्यांना मिमिर भेटतो. या मिमिरचे धड नसते, नुसते शिर असते आणि क्रेटोस ते कमरेला लटकवून हिंडतो. ही कल्पना खेळवाल्यांची नव्हे. नॉर्स कथेत मिमिरचे तोडलेले शिर ओडिन देवाने औषधी वनस्पती लावून, मंत्र म्हणून जतन केले आणि तो त्याच्याकडून गुपिते ऐकत असे. खेळातला मिमिर बहुश्रुत, वाचाळ आणि विनोदी आहे. होडीतून जाताना तो बापलेकांना गोष्टी सांगतो. मधेच होडी किनाऱ्याला लागली की गोष्ट अर्धी तोडतो आणि पुन्हा होडीत बसले की जिथे सोडली तिथून उचलतो. कीर्तनकाराला शोभेल असे हे भान आहे. पुष्कळ खेळाडू गोष्ट संपावी म्हणून पाण्यावर उगाच रेंगाळले.

त्याच मिमिरवर आणि त्याच अट्रेयसवर चार वर्षांनी लोक वैतागले. २०२२च्या नोव्हेंबरात 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' आला. खेळ उत्तम, कथा उत्तम, कौतुक भरपूर. पण एक तक्रार समीक्षकांपासून साध्या खेळाडूंपर्यंत सर्वांच्या तोंडी होती. एखाद्या कोड्यासमोर येऊन उभे राहावे, नजर फिरवावी, तोच मागून सोबत्याचा आवाज येतो आणि काय करायचे ते सांगून टाकतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत ॲम्स्टरडॅमच्या गुरिल्ला गेम्सचा 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' आला होता. त्यातली नायिका एलॉय स्वतःशीच मोठ्याने बोलते आणि बोलता बोलता उत्तर देऊन बसते. पिशवीत न मावलेली वस्तू साठ्याकडे रवाना झाली, हे ती इतक्या वेळा बोलून दाखवायची की निर्मात्यांनी पुढच्या दुरुस्तीत तिची ती वाक्ये कमी केली.

माणसे तीच, आवाज तेच. मग २०१८ मध्ये जो मिमिर हवासा वाटला तो २०२२ मध्ये नकोसा का झाला? होडीतला मिमिर आपल्याला काही देत होता आणि कोड्यासमोरचा मिमिर आपल्यापासून काही काढून घेत होता, एवढाच फरक आहे.

निर्मात्यांची बाजूही ऐकली पाहिजे. खेळ बाजारात येण्यापूर्वी ते त्रयस्थ माणसांना खेळायला बसवतात आणि मागून पाहतात. कुठे माणूस अडतो, किती वेळ भिरभिरतो, कुठे वैतागून हातातले यंत्र खाली ठेवतो, याच्या नोंदी होतात. ज्याने शेकडो माणसांच्या श्रमाचे काम तिसऱ्याच दरवाजाशी सोडून दिले, तो पुढचे काहीच पाहणार नाही, ही भीती खरी आहे. शिवाय खेळणारे सगळे काही सुट्टीतले कॉलेजकुमार नसतात. दिवसभर नोकरी करून, मुलांना झोपवून रात्री तासभर खेळणारी आई असते. तिला एका दरवाजापुढे तो तास घालवायचा नसतो. कुणाची नजर अधू असते, कुणाचे हात कापतात. रॅग्नारॉकच्या निर्मात्यांनी अशा खेळाडूंसाठी ६०हून अधिक सोयी ठेवल्या होत्या, ही फार मोठी गोष्ट आहे. तेव्हा 'सूचना बंद करा' असा सरसकट आग्रह धरणे हा बलवानांचा उद्दामपणा होईल. सूचना हवीच. ती कुणाला, केव्हा आणि किती, एवढाच सवाल आहे.

या सवालाचे फार चांगले उत्तर मी एका अगदी अरसिक ठिकाणी पाहिले आहे. मी बँकेत लागलो तेव्हा संगणक नव्हते. खतावण्या हाताने लिहिल्या जात. सहामाहीला प्रत्येक लेजरमधल्या शिलकांची बेरीज जनरल लेजरशी जुळवावी लागे आणि ती एका फटक्यात जुळली असे सहसा घडत नसे. समजा, ६३ रुपयांचा फरक आला. शेकडो खाती, हजारो नोंदी, शोधायचे कुठे? नवा कारकून रडकुंडीला येई. अशा वेळी आमचे एक वयस्क अकाउंटंट, ज्यांना कुठली नोंद चुकली असेल याचा वासही येत असावा, खुर्चीतून न उठता एवढेच म्हणत, "फरकाला नवाने भाग जातो का बघ."

हिशेबाच्या धंद्यातली ही जुनी खूण आहे. दोन शेजारचे आकडे उलटे लिहिले गेले तर येणाऱ्या फरकाला नवाने हमखास भाग जातो. ८१च्या जागी १८ लिहिले तर फरक ६३. नवाने भागले की ७. आणि आठ व एक यांच्यातले अंतरही सातच. म्हणजे एकम-दशकाची अदलाबदल झाली असेल तर ज्या रकमेच्या शेवटच्या दोन आकड्यांत सातचे अंतर आहे तेवढ्याच तपासायच्या. नवाने भाग गेला नाही तर दुसरी खूण होती. फरक सम असेल तर तो निम्मा करायचा आणि तेवढी रक्कम जमेची नावे किंवा नावेची जमा पडली आहे का, ते पाहायचे. कारकून पुन्हा लेजरमध्ये बुडी मारी. पाऊण तासाने त्याचा 'सापडला!' असा आवाज येई तेव्हा सगळे टेबल हसत असे. त्या अकाउंटंटने उठून स्वतः नोंद दाखवली असती तर तीस मिनिटे वाचली असती. पण पुढच्या सहामाहीला त्यांनाच पुन्हा उठावे लागले असते.

या सूचनेचे गुण पाहा. ती मागितल्यावर आली, किंवा मागण्याची वेळ आल्यावर आली. तिने उत्तर दिले नाही, दिशा दिली. आणि ती त्या एका चुकीपुरती नव्हती. ती जन्मभर पुरणारी होती. 'तो वरचा साखळदंड तोड' ही सूचना फक्त त्या साखळदंडापुरती असते.

शिक्षणशास्त्रात यावर विचार झालेला आहे. १९७६ साली डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या ३० मुलांना एकमेकांत बसणाऱ्या २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला आणि शेजारी बसलेली शिक्षिका त्यांना कशी मदत करते याचा अभ्यास केला. मुलाला जेवढे स्वतःहून करता येईल तेवढे करू द्यायचे, अडले तर आधार द्यायचा, जमू लागले की मागे सरायचे, असा तिचा क्रम होता. या मदतीला त्यांनी इमारतीच्या परांचीची उपमा दिली आणि ती शिक्षणाच्या परिभाषेत कायमची रुजली. उपमा फार बोलकी आहे. परांची नसेल तर गवंडी भिंत चढवू शकत नाही. पण भिंत उभी राहिल्यावर परांची काढायची असते. वास्तुशांतीच्या दिवशीही बांबू तसेच असतील तर घरात राहायला जाणार कसे? न थांबणारा सोबती म्हणजे न काढलेली परांची.

आणि अति बोलण्याचा आणखी एक तोटा आहे, तो आपल्या महाभारताने दाखवून ठेवला आहे. कर्णाचा सारथी शल्य हा बोलक्या सोबत्यांचा मूळपुरुषच म्हणायला हवा. कर्णाचे अवसान खच्ची करण्याचे वचन त्याने युधिष्ठिराला दिले होते, म्हणून तो वाटभर टोचून बोलतो, हंस आणि कावळ्याची गोष्ट ऐकवून हिणवतो. पण ऐन युद्धात, कर्णाने सर्पबाण जोडला तेव्हा, हाच शल्य एक अचूक सूचना देतो. हा बाण अर्जुनाच्या कंठाचा वेध घेणार नाही, नीट संधान साध, असे तो सांगतो. कर्ण उत्तर देतो की कर्ण दोनदा संधान करत नाही. कृष्ण रथ खाली दाबतो आणि बाण मस्तकाऐवजी किरीट घेऊन जातो. त्या नकारात कर्णाचा अभिमान आहे हे खरेच. पण ज्याने दिवसभर बोलून आपल्या शब्दाची किंमत घालवली, त्याचा एक मोलाचा शब्दही कोण ऐकणार? सूचनांचाही चलनासारखा हिशेब असतो. नोटा फार छापल्या की त्यांचा भाव उतरतो.

याच्या उलट विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ. तोही बोलकाच, क्रेटोसच्या कमरेच्या मिमिरसारखा राजाच्या अंगावर बसून गोष्टी सांगणारा. पण तो कोडे सोडवून देत नाही, कोडे घालतो. उत्तर राजाला स्वतःच शोधावे लागते. आणि सगळ्या गोष्टी संपल्यावर, राजाचा कस पाहून झाल्यावर, तो एकच सूचना देतो : तो साधू तुझा बळी देणार आहे, नमस्कार कर म्हणाला की 'कसा करायचा ते तूच करून दाखव' असे सांग. राजा ती ऐकतो आणि वाचतो. एवढ्या रात्री चाललेल्या सोबतीत सूचना एकच, आणि ती प्राण वाचवणारी.

खेळ बनवणाऱ्यांतही हे मर्म ओळखणारे आहेत. 'अनचार्टेड' या मालिकेच्या खेळांत खेळाडू बराच वेळ अडला तर 'सूचना हवी का' एवढेच विचारले जाते. बटण दाबायचे की नाही, ते त्याने ठरवायचे. २०१८च्या 'शॅडो ऑफ द टूम रेडर'मध्ये लढाई, भटकंती आणि कोडी यांची कठीणता वेगवेगळी ठरवता येते. कोडी अवघड ठेवली की नायिका लारा त्यांच्याबद्दल तोंडातून शब्द काढत नाही. लढाईत कच्चा आणि कोड्यात पक्का असा माणूसही आपल्या मापाचा खेळ शिवून घेऊ शकतो. २०१३च्या 'बायोशॉक इन्फिनिट'मधली एलिझाबेथ लढाईत खेळाडूच्या बंदुकीतल्या गोळ्या संपत आल्या की नव्या गोळ्या त्याच्याकडे भिरकावते. तिची मदत हाताची आहे, उपदेशाची नाही.

आपल्या पुण्यातही या प्रश्नाचा एक देखणा विचार झाला आहे. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने २०२० साली 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ आणला. राजी ही मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली. तिच्या प्रवासावर वरून भाष्य करतात ते साक्षात दुर्गा आणि विष्णू. ते दोघे तिच्याविषयी एकमेकांशी बोलतात. खेळणाऱ्याच्या कानात सूचनांचा रतीब घालण्यापेक्षा, आपल्याकडे कुणाचे तरी लक्ष आहे, आपल्यासाठी कुणाचा तरी जीव खालीवर होतो आहे, ही भावना त्या संभाषणातून मिळते. बोलणारा सोबती हवा असतो तो बहुतेक याचसाठी. उत्तरापेक्षा त्याला आपली काळजी आहे, हे कळण्यासाठी.

आता कोणी म्हणेल, एवढा खल कशाला? खेळच तो, नाही आवडला तर बंद करावा. पण मला हा विषय खेळापुरता वाटत नाही, आणि म्हणूनच रविवारच्या सकाळी घरातल्या सर्वांपुढे तो मांडावासा वाटला.

यंत्रांनी न विचारता मदत करायला सुरुवात केली त्याला आता बराच काळ लोटला. १९९७च्या सुमाराला कचेऱ्यांतल्या संगणकांवर मायक्रोसॉफ्टच्या 'ऑफिस'मधली डोळे मिचकावणारी एक कागदाची टाचणी आली. पत्राचा मायना टाइप केला की ती 'पत्र लिहिताय वाटते, मदत करू?' अशा अर्थाचे विचारत पुढे येई. लोकांनी तिचा इतका राग केला की २००१च्या आवृत्तीत ती आपण होऊन येईनाशी झाली आणि २००७च्या आवृत्तीतून गेलीच. त्या टाचणीला हसणाऱ्या आपल्यापाशी आज फोनमध्ये अशी यंत्रे आहेत की निबंधाचा विषय सांगायचा अवकाश, निबंध तयार. गणित दाखवले की रीतीसकट उत्तर हजर. टाचणी निदान विचारत तरी होती आणि तिला फारसे काही येत नव्हते. या नव्या सोबत्याला पुष्कळ येते. म्हणूनच त्याच्यापुढे गप्प बसण्याचा प्रश्न अधिक बिकट आहे. त्याला थांबायला सांगणेही आपल्याच हाती आहे. 'उत्तर नको, पुढची पायरी तेवढी सुचव' असे म्हटले तर तो तसेही वागतो. पण तसे म्हणण्यासाठी आधी आपल्याला स्वतः शोधण्याची चटक लागलेली असावी लागते. आणि ती चटक लहानपणी लागली नाही तर मोठेपणी लावणे कठीण.

ती लावण्याची जागा घर. आणि घरातले सर्वांत बोलके सोबती कोण, हे मी सांगायला नको. मुलगी जोडाक्षर वाचताना अडखळली की अर्ध्या सेकंदात शब्द पुरा करणारे आपण. मुलगा चित्रकोड्याचा तुकडा उलटा धरून बसला की हात पुढे करून तो फिरवून देणारे आपण. विज्ञान प्रदर्शनाची प्रतिकृती रात्री जागून बनवणारे आणि सकाळी मुलाच्या नावाची चिठ्ठी चिकटवणारेही आपणच. यामागे प्रेम असते, घाई असते आणि थोडीशी भीतीही असते. मूल अडलेले पाहवत नाही. त्याच्या कपाळावरची आठी आपल्या पोटात गोळा आणते. तो गोळा घालवण्यासाठी आपण उत्तर सांगून टाकतो. म्हणजे ती मदत बरीचशी आपल्यालाच केलेली असते.

अडणे म्हणजे संकट नव्हे, हे मुलाला कळायचे असेल तर आधी ते मोठ्यांना पटले पाहिजे. व्हिडिओ गेमविषयी आपल्या मध्यमवर्गीय घरांत अनेक तक्रारी आहेत. डोळे बिघडतात, वेळ जातो, अभ्यास बुडतो. त्यांत तथ्य आहेच. पण चांगल्या खेळात एक गोष्ट अशी आहे की ती शाळेत फारशी मिळत नाही. तिथे चुकायला कोणी रागावत नाही. दहा वेळा चुकावे, अकराव्यांदा जमावे आणि ते आपले आपल्याला जमलेले असावे. एवढ्या एका गोष्टीसाठी खेळाडू सोबत्याच्या बडबडीविरुद्ध आवाज उठवतात. तरुण माणसे 'आम्हाला थोडे अडू द्या' म्हणून तक्रार करतात, आणि एरवी 'या पिढीला सगळे आयते हवे' म्हणून आपण नाके मुरडतो. त्यांची ही मागणी आपण नीट ऐकली तर बरे होईल.

सोबत्याने गप्पच बसावे असे कुणाचेच म्हणणे नाही. त्याने गोष्टी सांगाव्यात, थट्टा करावी, अंधार पडला की आवाज द्यावा. मूल खरोखर दमले, रडकुंडीला आले, तर त्याच्या शेजारी बसून वाट दाखवावी. ते न करणे हाही निर्दयपणाच. पण तोंड उघडण्यापूर्वी स्वतःला विचारून पाहावे. समोरच्याने मागितले आहे का? त्याने पुरेसे धडपडून पाहिले आहे का? आणि आपण उत्तर देतो आहोत की नवाने भाग घालायला सांगतो आहोत?

आज दुपारी जेवणे आटोपल्यावर अनेक घरांत कॅरम निघेल, पत्ते निघतील, एखाद्या खोलीत पडद्यावर कुणी योद्धा बंद दरवाजासमोर उभा असेल आणि त्याला खेळवणारे पोर डोके खाजवत असेल. तिथे जाऊन जरूर बसा. कथा काय आहे ते विचारा, तो राक्षस कोण, ती मुलगी कुठे निघाली आहे ते समजून घ्या. दरवाजा कसा उघडायचा ते तुम्हाला दिसले, तर थोडा वेळ चहा घ्या.